ब्रायटनला राहायला येताय? शक्य असेल तर आधी जानेवारीत येऊन बघा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनचे फोटो सगळे जुलैतले असतात. निळं पाणी, पट्ट्यापट्ट्यांच्या डेकचेअर, पिअरवरची, म्हणजे समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्यावरची, रोषणाई. विद्यापीठाचं किंवा हॉस्पिटलच्या नोकरीचं पत्र हातात पडलं की माणूस हे फोटो बघतो आणि घरांच्या वेबसाइटवर 'सी व्ह्यू'ची खूण करून मोकळा होतो. हा लेख त्या माणसासाठी आहे. पुढे उन्हाळ्यात त्याच्याकडे येणारे आईबाबा आणि लंडनहून एका दिवसासाठी टपकणारे मित्र यांनाही तो उपयोगी पडेल. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी घर, मग कागद, मग समुद्र. समुद्र कुठे पळून जात नाही. ओहोटीला गेलाच तर सहा तासांत परत येतो.

गावाचा नकाशा डोक्यात बसवा

दक्षिणेला समुद्र, उत्तरेला साउथ डाउन्सच्या खडूच्या टेकड्या आणि मधल्या चिंचोळ्या जागेत कोंबलेलं शहर, असा सगळा मामला आहे. त्यामुळे किनाऱ्यालगतचा भाग सोडला की रस्ते चढे आहेत. नकाशावर दहा मिनिटं दिसणारं अंतर भाजीच्या पिशव्या घेऊन वीस मिनिटांचं होतं. ब्रायटन आणि होव्ह ही मुळात दोन गावं. १९९७ साली त्यांची एक पालिका झाली आणि २००० साली त्यांना मिळून शहराचा दर्जा मिळाला. होव्हकरांना मात्र 'ब्रायटनला राहता का?' विचारलंत तर 'होव्ह, अ‍ॅक्च्युअली' असं उत्तर मिळतं. हा इथला जुना विनोद आहे, आणि लोक तो अजूनही मनापासून करतात.

विद्यार्थ्यांची वस्ती लुइस रोडच्या बाजूला: मूल्सकूम, बेव्हेनडीन, कोल्डीन. ससेक्स विद्यापीठ फाल्मरला आहे आणि तिथे जाणाऱ्या बस याच रस्त्याने जातात. रॉयल ससेक्स काउंटी हॉस्पिटलमध्ये नोकरी असेल तर केम्पटाउन सोयीचं. रात्रपाळी संपवून चालत घरी येता येतं. लेकुरवाळी मंडळी होव्ह, पोर्टस्लेड, पॅचम, प्रेस्टन पार्क या बाजूंना वळतात. लंडनला रोजचं जाणंयेणं असेल तर आधी स्टेशनपासूनचं अंतर मोजा, बाकी सगळं नंतर. होव्ह आणि प्रेस्टन पार्कलाही स्टेशनं आहेत.

घर: समुद्र दिसणारं नको, समुद्राला चालत जाता येईल असं बघा

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी तरी अगदी किनाऱ्यावरचं घर घेऊ नका. इथला मुख्य वारा नैऋत्येचा. तो थेट समुद्रावरून येतो आणि सोबत मीठ आणतो. समोरच्या खिडक्या पुसल्यावर आठवडाभरात पुन्हा धुरकट होतात, बाल्कनीत ठेवलेल्या सायकलची साखळी एका हिवाळ्यात गंजते आणि वादळाच्या रात्री जुन्या खिडक्या सकाळपर्यंत खडखडत राहतात. पंधरा मिनिटं आत गेलात की भाडं उतरतं, झोप लागते आणि समुद्र तेवढाच तुमचा असतो.

ब्रन्सविक स्क्वेअर किंवा केम्पटाउनच्या बाजूची पांढरी-पिवळसर, उंच छतांची घरं बघून कुणीही हरखून जाईल. एकोणिसाव्या शतकातल्या या वास्तू एका श्रीमंत कुटुंबासाठी बांधल्या होत्या. आता एकेका घराचे पाच-सहा फ्लॅट झाले आहेत. वास्तू संरक्षित असल्यामुळे खिडक्या बदलायलाही परवानगी लागते, म्हणून बरेचदा काच एकेरीच असते. तळघरातला फ्लॅट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत ओलसर.

म्हणून घर बघायला गेलात की स्वयंपाकघराचं कौतुक करत बसू नका. पुढच्या गोष्टी करा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट असेल तर ते उघडा आणि नाक आत घाला. आपल्याकडे पावसाळ्यात ट्रंकेला येतो तसा कुबट वास आला तर काय ते समजा. बेडरूमच्या वरच्या कोपऱ्यांत काळे ठिपके आहेत का, की तेवढ्याच भागाला ताजा रंग मारला आहे, ते बघा. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या लाकडावर अंगठा दाबा. लाकूड मऊ लागलं तर पाणी मुरलं आहे. बाथरूमला हवा बाहेर टाकणारा पंखा आहे का आणि तो चालतो का, हे बटण दाबून बघा. घर गॅस बॉयलरवर तापतं की जुन्या विजेच्या हीटरवर, हे विचारा, कारण जानेवारीतल्या बिलात त्याचा फरक कळतो. प्रत्येक भाड्याच्या घराला ऊर्जा प्रमाणपत्र असतं, 'ए'पासून 'जी'पर्यंत. 'ई'च्या खालचं घर भाड्याने देता येत नाही, काही अपवाद सोडले तर. तुम्ही 'सी' मिळतंय का बघा, निदान 'डी'.

आणि राहायला गेल्यावर कपडे रेडिएटरवर वाळत घालायची सवय लावून घेऊ नका. बाहेरचं दमट आणि आतलं ओलं, दोन्ही मिळून भिंतीवर बुरशी आणतात. हवेतला ओलावा शोषणारं डीह्युमिडिफायर नावाचं यंत्र मिळतं, ते पहिल्या थंडीआधी घ्या. शंभर-दीडशे पौंड जातात, पण त्यात गाद्या वाचतात.

पैसे आणि कागद

एजंटला घर आवडल्याचं सांगितलंत की तो जागा राखून ठेवायची रक्कम मागेल. ती एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त असू शकत नाही. मुख्य डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याएवढं (वार्षिक भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर). या दोन्ही मर्यादा २०१९ च्या कायद्याने आल्या. मालकाने डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ३० दिवसांच्या आत जमा करून तुम्हाला त्याचा कागद द्यायचा असतो. नाही दिला तर मागा, लेखी मागा.

भारतातून नव्याने आलेल्यांना आजवर एक मोठी अडचण यायची: इथला जामीनदार नाही म्हणून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा, असं सांगितलं जायचं. भाडेकरूंच्या हक्कांचा नवा कायदा २०२५ मध्ये मंजूर झाला आहे. १ मे २०२६ पासून लागू होणाऱ्या त्याच्या तरतुदींनुसार मालकाला एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. तेव्हा कुणी तसं म्हणालं, तर घाईने पैसे पाठवायच्या आधी दोनदा विचार करा. घर न बघता, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून तर एक पौंडही पाठवू नका. सप्टेंबरमध्ये विद्यार्थी गर्दीने येतात तेव्हा या फसवणुकीला ऊत येतो.

घर देण्याआधी तुम्हाला इथे राहायचा हक्क आहे का, हे मालकाला तपासावं लागतं. व्हिसा आता ऑनलाइन असतो, त्यामुळे सरकारी संकेतस्थळावरून 'शेअर कोड' काढून तो द्यायचा. किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी, सामान आत आणायच्या आधी, प्रत्येक खोलीचे फोटो काढा आणि ते एजंटला ईमेल करून ठेवा. वीज-गॅसच्या मीटरचेही काढा.

काउन्सिल टॅक्स, म्हणजे पालिकेचा कर, हा भाड्याव्यतिरिक्तचा खर्च, नवख्या माणसाला हमखास दचकवणारा. घराच्या १९९१ सालच्या किमतीवरून त्याचा गट ठरतो. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो माफ, पण माफी आपोआप होत नाही. पालिकेकडे अर्ज करावा लागतो. एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट.

डॉक्टरकडे नाव नोंदवायला आजारी पडायची वाट बघू नका. पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी करा, ती फुकट असते. तातडीचं पण जिवावरचं नसेल तर १११, जिवावरचं असेल तर ९९९.

रेल्वे, बस आणि गाडी न घेण्याबद्दल

लंडनला साधारण तास लागतो. व्हिक्टोरियाहून सदर्नच्या गाड्या, लंडन ब्रिज आणि सेंट पँक्रसहून थेम्सलिंकच्या. तिकीट घेताना 'फक्त थेम्सलिंक' किंवा 'फक्त सदर्न' असा स्वस्त पर्याय दिसतो. तो घेतलात तर दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चढू नका. लंडनचं ऑयस्टर कार्ड गॅटविकपर्यंतच चालतं. तिथून पुढे ते टेकवून आलात तर ब्रायटनच्या फाटकापाशी दंड होतो आणि 'मला माहीत नव्हतं' हे तिथे रोज शंभर जण सांगत असतात. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर गर्दीची वेळ टाळून काढलेल्या ग्रुप तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. पाहुणे आले की ती विसरू नका. रविवारी रुळांची कामं काढतात आणि मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस देतात. विमान पकडायचं असेल तर आदल्या रात्रीच बघून ठेवा. गॅटविक मात्र अर्ध्या तासावर आहे, आणि घरून फराळाचे डबे घेऊन येणाऱ्यांसाठी हे फार मोठं सुख.

शहरातल्या बस चांगल्या आहेत. २०२५ च्या जानेवारीपासून इंग्लंडमध्ये एका बसप्रवासाचं भाडं जास्तीत जास्त तीन पौंड केलं आहे. रोज जाणार असाल तर कंपनीच्या अ‍ॅपवरचा पास स्वस्त पडतो. गाडी घ्यायची घाई करू नका. भारतीय परवान्यावर बारा महिने चालवता येते हे खरं, पण लावणार कुठे? मध्यवर्ती भागांत रस्त्यावर गाडी लावायला परवाना लागतो आणि काही विभागांत त्याला प्रतीक्षायादी आहे.

पाणी, वारा आणि सीगल

इथलं पाणी खडूच्या टेकड्यांमधून झिरपून येतं, म्हणून जड. पिण्याला उत्तम, केटलीला वाईट. महिन्याभरात केटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो आणि चहावर चकाकणारी साय दिसायला लागते, जी साय नसते. अर्धी केटली पांढरं व्हिनेगर आणि अर्धं पाणी घालून उकळा, तासभर ठेवा, ओतून दोनदा साधं पाणी उकळा. डाळ शिजायला वेळ लागतो तोही याच पाण्यामुळे. कुकर भारतातून आणा.

छत्री आणू नका. घडीची छत्री किनाऱ्यावर पहिल्या वाऱ्यात उलटी होते, आणि पावसाळी दिवसानंतर कचऱ्याच्या डब्यांत तिचे सांगाडे दिसतात. टोपी असलेलं, वारा अडवणारं जाकीट घ्या. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड. पहिल्या हिवाळ्यात दुपारच्या सुट्टीत ऑफिसबाहेर पडून चाला, म्हणजे आठवड्यात एकदा तरी ऊन दिसेल.

सीगलबद्दल मात्र थोडं सविस्तर. हा पक्षी कबुतराएवढा नसून चांगला कोंबड्याएवढा असतो, पसरलेले पंख सव्वा मीटरच्या वर. तो समोरून येत नाही, पाठीमागून खांद्यावरून येतो आणि हातातला समोसा तुमच्या तोंडाच्या वाटेवरच उचलतो. उपाय: भिंतीला किंवा दुकानाच्या काचेला पाठ टेकून खा. जवळ येऊन उभा राहिलाच तर त्याच्याकडे टक लावून बघा. नजर रोखली की तो बिचकतो, असं इंग्लंडमधल्याच संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. त्याला खाऊ घालू नका, दगड तर अजिबात मारू नका. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने त्याला आणि त्याच्या घरट्याला संरक्षण आहे. जून-जुलैत छपरांवर पिल्लं असतात तेव्हा पहाटे चारपासून ओरडा सुरू होतो. वरच्या मजल्यावर राहत असाल तर कानात घालायचे बोळे घेऊन ठेवा. कचऱ्याची पिशवी रात्री दाराबाहेर ठेवलीत तर सकाळी ती रस्ताभर पसरलेली सापडेल.

किराण्याचं म्हणाल तर वेस्टर्न रोडच्या आसपास कोथिंबीर, हिरवी मिरची, डाळी सहज मिळतात. ज्वारीच्या पिठासाठी किंवा एकदम महिन्याचा बाजार भरायला क्रॉलीला जा, थ्री ब्रिजेसला गाडी बदलून. तिथे गुजराती वस्ती मोठी आहे, देऊळही आहे. मासे खाणाऱ्यांसाठी उन्हाळ्यात मॅकरेल येतो. आपला बांगडा नव्हे, पण त्याच कुळातला, आणि तिखट-मीठ-हळद-आगळ लावून तळल्यावर कुणी तक्रार करत नाही. शाकाहारी लोकांनी चिप्सच्या दुकानात तेल कसलं आहे ते विचारावं, कारण काही ठिकाणी गाईची चरबी वापरतात. एरवी शाकाहारी आणि व्हेगन जेवणासाठी इंग्लंडमध्ये ब्रायटनएवढं सोयीचं गाव क्वचित सापडेल.

आता समुद्र

जुहू किंवा काशीदची वाळू डोक्यात असेल तर काढून टाका. इथे गोटे आहेत, अंड्याएवढे, आणि त्यावर अनवाणी चालणं म्हणजे शिक्षा. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घ्या. वाळू दिसते ती फक्त मोठ्या ओहोटीला.

गोट्यांचा किनारा उतरता असतो. तीन पावलांवर पाणी गुडघ्याएवढं, आणखी तीन पावलांवर छातीएवढं, असं इथे होतं. भरतीच्या वेळी लाट काठावरच आदळते आणि परत जाताना पायाखालचे गोटे ओढून नेते. पोहता येतं म्हणून निर्धास्त राहू नका. ऑगस्टमध्येही पाणी सतरा-अठरा अंशांच्या आसपास असतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये सात-आठ. थंड पाण्यात पडल्याबरोबर श्वास अडकतो आणि माणूस हातपाय मारायला लागतो. तसं झालं तर पाठीवर तरंगत राहा, श्वास ताळ्यावर येऊ द्या, मग हाक मारा. मेच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी न मारता ९९९ लावून 'कोस्टगार्ड' मागा. जोराचा पाऊस झाल्यावर दोन दिवस पाण्यापासून लांब राहा, कारण गटारांचं जादा पाणी समुद्रात सोडलं जातं. पाणीकंपनीच्या नकाशावर कुठे सोडलं ते कळतं.

पाहुणे आले की

मे, जून आणि सप्टेंबर हे पाहुण्यांना बोलवायचे महिने. ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी प्राइडचा, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स मंडळींचा, उत्सव असतो. तो बघायचा असेल तर जरूर यावं, पण सासूबाईंना शांतपणे समुद्र दाखवायचा असेल तर ते दोन दिवस सोडा.

स्टेशनपासून सरळ उतारावर पंधरा मिनिटं चाललं की समुद्र. डावीकडे १८९९ सालचा पॅलेस पिअर. २०२४ पासून बाहेरच्यांना आत जायला पैसे पडतात, स्थानिकांना नाहीत. उजवीकडे पाण्यात उभा असलेला लोखंडी सांगाडा म्हणजे १८६६ चा वेस्ट पिअर, १९७५ ला बंद झालेला आणि २००३ मध्ये दोनदा जळलेला. समुद्राला उद्देशून लिहिलेली सावरकरांची कविता १९०९ साली याच किनाऱ्यावर जन्मली, त्यामुळे मराठी पाहुणा 'ती जागा कुठली?' हे विचारल्याशिवाय राहत नाही. गोट्यांवर कुठेही बसा. आईबाबा ती म्हणायला लागतील, आणि शेजारी आइस्क्रीम खाणाऱ्यांना काय चाललंय ते कळणार नाही.

पिअरपासून पूर्वेला वोल्कची छोटी विजेची रेल्वे जाते, १८८३ पासूनची आणि जगातली सर्वांत जुनी चालू विजेची रेल्वे. ती फक्त उन्हाळी हंगामात असते. ज्येष्ठांना घेऊन त्याच बाजूने चालत निघणार असाल तर एक सूचना: मरीनाच्या अलीकडे १९८० पासून विवस्त्र वावरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला किनारा आहे. पाट्या आहेत, गोट्यांचा उंचवटाही आहे, पण बाबा 'तिकडे काय आहे बघू' म्हणाले तर विषय बदला.

रॉयल पॅव्हिलियनचे घुमट बघून सगळे चकित होतात. राजपुत्र जॉर्जसाठी जॉन नॅशने १८१५ ते १८२२ मध्ये त्याला बाहेरून हिंदुस्थानी रूप दिलं, आत मात्र चिनी थाट. १९१४ पासून इथे जखमी हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. जातीधर्माची बंधनं सांभाळायला नऊ स्वयंपाकघरं होती. हिंदू आणि मुसलमानांचे पाण्याचे नळही वेगळे. तिथे आणि आसपासच्या हॉस्पिटलांत मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन पॅचमच्या वरच्या टेकडीवर झालं. त्या जागी संगमरवरी स्मारक-छत्री आहे, १ फेब्रुवारी १९२१ ला अनावरण झालेली. पॅचमपर्यंत बस, पुढे मेंढ्यांच्या कुरणातून चढ. वर दुकान, स्वच्छतागृह, सावली यांतलं काही नाही आणि पावसानंतर चिखल असतो, तेव्हा पाणी आणि घट्ट बूट घ्या. दरवर्षी जूनमध्ये तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो.

पूर्ण दिवस हातात असेल तर १२ नंबरच्या बसने समुद्राकाठाने सेव्हन सिस्टर्सला जा. वरच्या मजल्यावर, उजव्या बाजूला बसा. एक्सीटला उतरून नदीकाठाने चाललं की पांढरे कडे दिसतात. फोटोसाठी कड्याच्या कडेला जाऊ नका. खडू ठिसूळ असतो, वरून हिरवळ घट्ट वाटते आणि खाली काहीच नसतं. खालूनही कड्याला चिकटून बसू नका, दरडी कोसळतात, आणि भरतीत परतीची वाट बंद होते. निघायच्या आधी भरतीची वेळ आणि परतीची शेवटची बस, दोन्ही बघून ठेवा. डबा घरूनच न्या. दशम्या आणि चटणी चालते, वाऱ्यात पोह्यांचं काही खरं नाही.